गनचा जोर हाताला कळत नाही: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात बॅटरीवर चालणाऱ्या इम्पॅक्ट रेंचबद्दल, म्हणजे ठोके देत नट सोडवणाऱ्या-आवळणाऱ्या यंत्राबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या. इंदूरच्या सियागंज बाजारात हल्ली पान्यांच्या संचापेक्षा तिचीच चौकशी जास्त होते, एवढंच सांगायचं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यांत "घेऊ का?" असं विचारणारं जवळजवळ कुणी नाही. सगळ्यांची घेऊन झाली आहे. आता वापरायची कशी, हा प्रश्न आहे. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवून निवृत्त झालो, आणि आता दुपारी पुतण्याच्या हत्यारांच्या दुकानात बसतो, त्यामुळे हेच प्रश्न काउंटरवरही ऐकतो. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत. दुकानात सगळे तिला गनच म्हणतात, मीही तेच लिहितो.

आम्ही गाडीने अधूनमधून पुण्याला जातो. मागच्या खेपेला सेंधव्याच्या पुढे पंक्चर झालं आणि चाकाचे नट गाडीतल्या पान्याने हलेनात, पान्यावर उभा राहिलो तरी नाही. आधीच्या टायरवाल्याने ते हवेच्या गनने आवळले होते. म्हणून मुलाने बॅटरीची गन आणून दिली. आता चाक लावताना ट्रिगर किती सेकंद दाबायचा?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

सेकंद मोजूच नका. टायरवाल्याने जे केलं तेच तुम्ही घरी कराल, आणि पुढच्या पंक्चरला वहिनींच्या किंवा मुलाच्या हाताने नट सुटणार नाही.

गनच्या पोटात काय होतं ते आधी बघा. मोटर गोटीला, म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटला, थेट फिरवत नाही. मध्ये एक जड हातोडा असतो आणि त्याच्या मागे स्प्रिंग. नट मोकळा फिरतोय तोवर सगळं एकत्र फिरतं. नट अडला की हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि फिरत येऊन गोटीच्या दांड्याला आडवा ठोका देतो. असे ठोके मिनिटाला दोन हजारांच्या वर पडतात. हे सगळे ठोके नटाला बसतात, तुमच्या मनगटाला फार थोडे. ड्रिल अडकलं तर मनगट पिळून निघतं, गन तसं करत नाही. म्हणून तर बारीक अंगकाठीचा मुलगासुद्धा गंजलेला नट तिने सोडवतो. पण त्याच कारणाने आवळताना नट किती घट्ट झाला याची खबर हाताला लागत नाही. लांब पान्याने आवळताना खांद्याला जे कळतं, ते इथे कळायला मार्गच नाही.

बरं, सेकंद तरी सारखे असतात का? भरलेल्या बॅटरीचे तीन सेकंद आणि उतरलेल्या बॅटरीचे तीन सेकंद एक नाहीत. मध्ये एक्स्टेन्शनची दांडी घातली तर जोर कमी पोचतो. आटे गंजलेले असले तर जोर घर्षणातच जातो, स्वच्छ असले तर नट भलताच आत जातो. तुमच्या गनच्या खोक्यावर ४०० किंवा ५०० न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) लिहिलेलं असेल. साध्या प्रवासी गाडीच्या चाकाच्या नटाला लागतात साधारण ९० ते १२०. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरायचा. म्हणजे तुमच्या हातात गरजेच्या चौपट जोर आहे आणि तो मोजणारं काही नाही.

जास्त आवळल्याने काय बिघडतं, असं पुष्कळजण विचारतात. नट-बोल्ट धरून ठेवतो तो ताणामुळे. आवळताना स्टड (नट ज्यावर चढतो तो आटे पाडलेला दांडा) केसभर लांब होतो आणि आखडू बघतो, त्या ओढीने चाक दाबून धरलं जातं. मर्यादेबाहेर ताणला की तो परत आखडत नाही. बाहेरून नवाच दिसतो, पण त्यातला दम गेलेला असतो. आणि पाचांतले दोन नट फार घट्ट, तीन बेताचे असे राहिले तर चाकामागची ब्रेकची थाळी वाकडी बसते. मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं आणि मिस्त्री भलत्याच जागी दोष शोधत बसतो.

तेव्हा गनने सोडवा, बिनधास्त. लावताना मात्र नट बोटांनी फिरवून बसवा. दोन-तीन पूर्ण आटे हाताने गेले पाहिजेत, कारण तिरका बसलेला नट गन मुकाट्याने आत ढकलते आणि आटे खाऊन टाकते. मग सर्वात कमी स्पीडवर गन लावून नट नुसते टेकवा. पहिला ठोका ऐकू आला की बोट उचला. पाच नट असतील तर चांदणी काढतो तसं एक सोडून एक घ्या, चार असतील तर समोरासमोर. गाडी खाली उतरवून चाक जमिनीला नीट टेकलं की टॉर्क रेंचने, म्हणजे जोराचा आकडा लावता येणाऱ्या पान्याने, शेवटचं आवळणं करा, त्याच क्रमाने. आकडा लावून ओढलं की 'टक्' होतं. तिथे थांबायचं. "खात्रीसाठी अजून एक" हा झटका हिशेबाबाहेरचा. काम झाल्यावर रेंच सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून माप चुकायला लागतं. आणि तिने नट सोडवू नका, ते तिचं काम नाही. गनवर एवढे पैसे घातलेत तर साधी टॉर्क रेंचही घ्या. मला विचाराल तर आधी तीच घ्यायला हवी होती.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायची सवय असेल तर सोडा. पुस्तिकेतला आकडा बहुधा कोरड्या आट्यांचा असतो. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. चाक बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरवर एकदा रेंच फिरवून बघा. पुण्याच्या वाटेवर असाल तर धामनोदला चहाला थांबाल तेव्हा होऊन जाईल.

राहिला तुमचा टायरवाला. त्याला आधीच सांगा, गनने फक्त टेकव, शेवटचा हात मी मारतो. तो म्हणेल, "भिया, ढीला रह गया तो मेरे को मत बोलना." म्हणू द्या.

गाडीबरोबर आलेला कात्रीचा जॅक गनने फिरवायचा अडॅप्टर मिळतो. फटाफट गाडी वर जाते. घ्यावा का?
— एक वाचक, सुदामानगर

नको. तो जॅक हाताने सावकाश फिरवण्यासाठी केलेला आहे. ठोक्यांनी त्याचा स्क्रू झिजतो, आणि गाडी एकदम वर जाताना बाजूला कलली तर थांबवायला वेळ मिळत नाही. आणि जॅक कुठलाही असो, तो उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. रस्त्यावर चाक बदलायचं तर हँडब्रेक, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा, आणि गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग नाही. घरी काम करायचं तर खाली स्टँड लावा, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ती. गनचे ठोके गाडी हलवतात. जाम नटाला पहिला धक्का द्यायचा तो चाक जमिनीवर असतानाच द्या.

माझ्याकडे वडिलांच्या वेळचा चकचकीत गोट्यांचा संच आहे, कंपनी चांगली आहे. गनला त्याच गोट्या लावल्या तर काय हरकत आहे? काळ्या गोट्या उगाच महाग वाटतात.
— एक वाचक, देवास नाका

वडिलांचा संच जपून ठेवा आणि रॅचेटला वापरा. गनला लावू नका.

दोन्ही गोट्या एकाच नटाच्या मापाच्या घेऊन शेजारी ठेवा. काळीची भिंत जाड दिसेल. चकचकीत गोटी बहुधा क्रोम-व्हॅनेडियमची असते, कडक केलेली. हाताच्या संथ ओढीला ती उत्तम. पण कडक पोलाद ठोक्याला लवत नाही, तडकतं. वरचा क्रोमचा मुलामाही पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याची कड ब्लेडएवढी धारदार असते. काळी गोटी सहसा क्रोम-मॉलिब्डेनमची, जरा मऊ ठेवलेली, ठोका सोसणारी. तिच्या मागच्या टोकाला आरपार एक बारीक भोक असतं आणि भोवती खाच. गनच्या चौकोनी दांड्यालाही तसंच भोक असेल तर दोन्ही भोकांतून पिन घालायची आणि खाचेत रबरी रिंग चढवायची, म्हणजे गोटी उडत नाही. काही गनांना दांड्यावर नुसतं कडं असतं. त्यावर गोटी दाबून बसवल्यावर ओढून बघा. गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची नटाचे कोपरे सोलते. एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंटही इम्पॅक्टचेच हवेत.

डोळ्यांना गॉगल, ही गोष्ट मुलं सर्वात शेवटी ऐकतात. उन्हाचा नव्हे, पॉलिकार्बोनेटचा, बाजूने झाकलेला. आणि कानात बोळे. बंद शेडमध्ये गनचा आवाज ९५ डेसिबलच्या वर सहज जातो. दिवसभर तेच काम असेल तर पन्नाशीत शिट्टी ऐकू येईनाशी होते. माझ्या बॅचचे निम्मे फिटर मोठ्याने बोलतात ते काही तापट आहेत म्हणून नाही.

यजमानांचं सांवेर रोडला पत्र्याचं शेड आहे. मे महिन्यात दुपारी गनची बॅटरी चार्जरला लावली की दिवा नुसता लुकलुकत राहतो, बॅटरी भरतच नाही. कामावरचा मुलगा ती फ्रिजमध्ये ठेवून गार करतो आणि मग लावतो. रात्री यजमान ती घरी आणून पलंगाशेजारी लावून झोपतात, सकाळी भरलेली मिळते. मला या दोन्ही गोष्टींची धास्ती वाटते.
— एक वाचक भगिनी, परदेशीपुरा

ताई, तुमची धास्ती दोन्ही बाबतींत बरोबर आहे. चार्जर बिघडलेला नाही. तो शहाणा आहे, म्हणून भरत नाही.

बॅटरीच्या तोंडाशी बघा. प्लस-मायनसच्या पट्ट्यांशिवाय एक-दोन जास्तीच्या पट्ट्या दिसतील. त्यांतल्या एकीतून आतलं तापमान चार्जरला कळतं. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत चार्जिंगची वरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास दिलेली असते. मे महिन्यात इंदुरात सावलीतच पारा ४० ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून बराच वर, आणि तुमची बॅटरी तर नुकतीच नट सोडवून आतून तापलेली. चार्जर म्हणतो, थांबा. त्याला थांबू द्यायचं. बॅटरी काढून सावलीत, वाऱ्यावर अर्धा-पाऊण तास ठेवली की आपोआप भरायला लागेल. फ्रिज मात्र बंद करा. गार डब्यातून दमट हवेत आणली की आत-बाहेर पाणी सुटतं, आणि वीज लावायच्या वस्तूत पाणी कशाला? बाहेरून गार लागली तरी पोटातले सेल तापलेलेच असतात, ते वेगळं.

आता पलंग. १८ व्होल्टच्या बॅटरीत पाच लिथियम-आयन सेल ओळीने असतात, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे. ५ अँपिअर-अवरच्या जाड बॅटरीत बहुधा पाच-पाचच्या दोन ओळी, म्हणजे दहा सेल. अशी बॅटरी २ अँपिअरच्या साध्या चार्जरवर तीनेक तासांत भरते, ४ अँपिअरच्या चार्जरवर दीड तासात. रात्रभर लावायची गरजच नाही. धड बॅटरी आणि मूळ चार्जर असला तर भरल्यावर तो थांबतोही. पण एखादा सेल बिघडलेला असला, बॅटरी पडून आतून दुखावलेली असली, तर ती पेटते चार्जिंगच्या वेळीच, आणि तेव्हा घरातले सगळे झोपलेले आणि बॅटरी गादीच्या हातभर अंतरावर. यजमानांना सांगा, सकाळी सहा ते नऊ हा वेळ इंदुरात उन्हाळ्यातही बरा असतो. उठल्यावर लावा, शेडवर निघताना काढा. चहा-आंघोळीत काम होतं आणि घरात माणूस जागा असतो.

जागा अशी: उघडी कोटा फरशी किंवा सिमेंट. गोणपाट, सतरंजी, प्लायवुडचा टेबल नको. आसपास हातभर मोकळं ठेवा. पेट्रोल, थिनर, रंगाचे डबे त्या खोलीत नकोत. ट्रकच्या किंवा इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटऱ्या जिथे चार्ज होतात तिथेही नको, त्यातून हायड्रोजन निघतो आणि चार्जरच्या पिनची ठिणगी त्याला पुरते. शेडमध्ये बाहेर पडायचं एकच दार असेल तर त्या दाराशी चार्जिंग कधीही नाही, काही झालं तर आग तुमच्या आणि बाहेरच्या मध्ये येईल. मी जितकी शेडं बघतो तितक्यांत चार्जरचा प्लग नेमका दाराजवळच्या बोर्डावर असतो, कारण बोर्ड तिथे असतो. एक वायर ओढून घ्या.

पूर्ण उतरवून मगच भरायची, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची. लिथियमला ती लागू नाही. अर्धी असताना लावली तरी चालते, उलट तळाला नेणंच वाईट. महिना-दोन महिने काम नसेल तर निम्म्याच्या आसपास भरून, गनमधून काढून, घरात गार जागी ठेवा. गाडीच्या डिकीत मात्र नको. उन्हात उभ्या गाडीत आत ६० अंश सहज होतात.

बॅटरी फुगली, हाताला चटका बसेल इतकी तापली, थिनरसारखा गोडसर वास आला, फुसफुस आवाज आला, यांतलं एक जरी झालं तर आधी मेन बंद. नुसती फुगली असेल तर ती बाहेर मोकळ्या जागी, भिंतीपासून लांब ठेवा. धूर निघत असेल तर हात लावू नका, धूर विषारी असतो. माणसं बाहेर काढा, दार ओढून घ्या, ११२ लावा. लिथियम-आयन बॅटरीला थंड करावं लागतं आणि त्याला पुष्कळ पाणी लागतं. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा विझली तरी आत तापलेले सेल पुन्हा पेट घेतात, म्हणून "विझली" म्हणून जवळ जायचं नाही.

वर्षभर पडून राहिलेली बॅटरी चार्जर घेतच नाही. एका मिस्त्रीने सांगितलं, दुसऱ्या भरलेल्या बॅटरीचा झटका दिला की उठते. तो शंभर-दोनशे रुपयांत करून देतो. करावं का?
— एक वाचक, महू

करू नका. यूट्यूबवर बघून स्वतःही करू नका.

चार्जर ती बॅटरी घेत नाही कारण सेल फार खाली गेले आहेत. एका सेलचा दाब दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. पुन्हा चार्ज केल्यावर ते तांबं जिथे नको तिथे जमतं आणि सेलच्या आतच शॉर्ट होऊ शकतो. झटका देऊन मिस्त्री फक्त चार्जरला फसवतो. बॅटरी उठते हे खरं, दिवाही हिरवा होतो, आणि म्हणूनच हा धंदा चालतो. पुढे ती चार्जरवर असताना काय करेल याची हमी शंभर रुपयांत येत नाही. जुन्या लॅपटॉपांचे सेल काढून बॅटरी "नवी" करून देणारेही आहेत. वेगवेगळ्या वयाचे सेल एका ओळीत बसवले की अशक्त सेल दर वेळी सर्वात आधी उतरतो आणि सर्वात आधी जास्त भरतो.

वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. नसेल तर निरोप द्या, पण नीट. तोंडाच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे कशाला टेकून शॉर्ट होणार नाही. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत दाबली गेली तर तिथे पेटेल. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि ती वेगळी करून देण्याची आपल्यावर, तेव्हा विकत घेतल्या ठिकाणी विचारायला संकोच नको. इंदूरच्या घरोघर येणाऱ्या गाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो. गाडीवरच्या माणसाला "ही बॅटरी आहे" असं सांगून हातात द्या, पिशवीत लपवून नव्हे.

आमचं मंडळ अनंत चतुर्दशीच्या झांकीच्या कामाला मदत करतं. ट्रॉलीवरचा लोखंडी सांगाडा नट-बोल्टने जोडतो. यंदा ऑनलाइन '८८ व्ही' लिहिलेली गन स्वस्तात घेतली आहे. पावसाचे दिवस, वीज जनरेटरची. काय काळजी घ्यावी?
— मंडळाचे एक कार्यकर्ते, मालवा मिल परिसर

आधी ते ८८. बॅटरी उघडू नका, मीच सांगतो: आत बहुधा तेच पाच सेल आहेत. पाच सेल पूर्ण भरले की प्रत्येकी ४.२, म्हणजे २१ व्होल्ट. वापरात सरासरी १८. कुणी त्याला १८ म्हणतं, कुणी २०, कुणी २१, तिन्ही एकच. ४८, ८८, १९८ हे खोक्यावरचे आकडे आहेत, त्यांचा व्होल्टशी संबंध नाही. बॅटरीवर बारीक अक्षरात खरा आकडा छापलेला असेल तर तो वाचा. यातला खरा धोका वेगळाच आहे. अशा गनांचे चार्जर गोल पिनेचे असतात आणि ती पिन मंडळातल्या दहा वस्तूंना बसते. १२ व्होल्टच्या ड्रिलच्या बॅटरीला २१ व्होल्टचा चार्जर लावला तरी पिन तक्रार करत नाही. म्हणून चार्जरवर रंगीत टेप लावा आणि त्याच रंगाची त्याच्या बॅटरीवर.

जनरेटरवर चार्जिंग टाळा. रोषणाई चालू-बंद झाली की छोट्या जनरेटरचा दाब वरखाली होतो आणि स्वस्त चार्जर ते सोसत नाही. दोन बॅटऱ्या ठेवा, एक कुणाच्या तरी घरी भरत राहील आणि दुसरी ट्रॉलीवर चालेल. तिथेच चार्ज करायची वेळ आली तर छताखाली, पावसाचं पाणी वाहत नाही अशा उंचीवर, अर्थिंग असलेल्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलेल्या बोर्डावरून. गन भिजली तर बॅटरी काढा, दोन्ही पुसा, रात्रभर सुकू द्या. ओली बॅटरी चार्जरवर नाही.

पातळ पाइपच्या क्लॅम्पवर गनचा पूर्ण जोर लावलात तर पाइप चेपतो आणि घट्ट वाटणारा जोड ट्रॉली खड्ड्यातून गेली की सैल पडतो. तिथेही गनने टेकवा, हाताने आवळा. रस्त्यावर हलणाऱ्या सांगाड्याला नायलॉन रिंगचे नट घ्या, आणि मिरवणूक निघण्याआधी एकजण पाना घेऊन सगळे जोड फिरून बघेल, त्याचं नाव आधीच ठरवून ठेवा. वर चढून काम करणाऱ्याने गन दोरीने कमरेला बांधावी. बॅटरीसकट दोन-तीन किलोचा ऐवज आहे, खाली उभ्या पोराच्या डोक्यात जाईल.

रोटाव्हेटरची पाती बदलायला गन वापरतो. शेतावर मीही हे काम करते. हातमोजे घालावेत की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.
— एक वाचक भगिनी, देपालपूर

घट्ट बसणारे, तळव्याला रबर चढवलेले मोजे घाला. पात्याची धार आणि गनचा कंप, दोन्हींपासून बचाव होतो. ढगळ सुती मोजे नकोत, त्यांचा धागा गोटीत गुंडाळला की बोट मागोमाग जातं. बांगड्या काढा, पदर खोचून वरून जुना शर्ट घाला, ओढणी तर नकोच.

मोज्यांहून मोठी गोष्ट ट्रॅक्टरची. इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात, पीटीओचा (इंजिनाचा जोर अवजाराला देणारा) शाफ्ट काढलेला, आणि रोटाव्हेटर नुसत्या हायड्रॉलिकवर न ठेवता खाली भक्कम ठोकळे. मगच हात घाला. नट फिरवताना रोटर फिरू नये म्हणून लाकूड अडकवाल, ते हाताने धरून उभं राहू नका. गोटी जागेवर बसवताना ट्रिगरवर बोट नको, आणि गोटी दुसऱ्या हाताच्या बोटांनी धरून गन चालवायची नाही. गोटी बदलताना बॅटरी काढा. निदान सुलटा-उलटा करायचं बटण मधोमध आणा, तिथे ट्रिगर दबत नाही. पात्यांचे बोल्ट झिजलेले दिसले तर त्याच दर्जाचे नवे घ्या. डोक्यावर १०.९ असेल तर १०.९ चेच. बाजारातला साधा बोल्ट स्वस्त पडतो आणि नांगरटीच्या मधोमध तुटतो.

मुलगा अमेरिकेहून येताना गन, दोन बॅटऱ्या आणि चार्जर घेऊन आला. चार्जरला इथला प्लग लावून चालेल ना?
— एक वाचक, नारायणबाग

प्लग लावण्याआधी चार्जरच्या मागची पाटी वाचा. 'इनपुट' पुढे १२० व्होल्ट एवढंच असेल, आणि तिथल्या हत्यारांच्या चार्जरवर बहुधा तेवढंच असतं, तर आपल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच मिनिटाला जाईल. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. १०० ते २४० लिहिलेलं असेल तर चालेल. नसेल तर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीला बसणारा इथला चार्जर घ्या. बॅटरीवर '२० व्होल्ट मॅक्स' बघून घाबरू नका, युरोपात तीच १८ म्हणून विकतात.

मुलगा परत जाताना एखादी बॅटरी नेणार असेल तर सुटी बॅटरी विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते, पोटातल्या सामानात चालत नाही. १८ गुणिले ५, म्हणजे ९० वॉट-अवर. १०० च्या आत आहे, तोंडाला टेप लावून द्या. गन मात्र चेक-इनच्या बॅगेत.

जुन्या जीपच्या एका बाजूचे चाकाचे नट गनने सटासट निघाले, दुसऱ्या बाजूचे एकही हलेना. बॅटरी उतरली म्हणून दुसरी लावली, तरी तेच.
— एक वाचक, राऊ

डावी बाजू आहे ना? विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जिपांना डाव्या चाकांचे आटे उलटे असायचे. स्टडच्या टोकावर किंवा नटावर इंग्रजी 'एल' कोरलेला आहे का, तारेच्या ब्रशने घासून बघा. असेल तर गनचं बटण आवळायच्या दिशेला करा, म्हणजे सुटेल. तुम्ही दोन बॅटऱ्या लावून ते सोडवत नव्हतात, आवळत होतात, त्यामुळे काढल्यावर ते स्टड आणि नट नवेच बसवा. घेताना उलट्या आट्यांचे मागून घ्या.